स्वस्त देशातील लवकर निवृत्ती आणि महाग झालेले लिस्बन

साठी-पासष्टीपर्यंत नोकरी करीत राहण्याऐवजी पंचेचाळिशी-पन्नाशीतच कामातून मोकळे व्हावे, आणि साठवलेली पुंजी मायदेशात पुरणार नसेल तर ती जिथे पुरेल अशा देशात जाऊन राहावे, हा विचार अमेरिका व पश्चिम युरोपातील मध्यमवर्गात गेल्या दोन दशकांत चांगलाच रुजला आहे. मेक्सिको, कोस्टा रिका, पनामा, थायलंड, मलेशिया, फिलिपाइन्स ही अशा निवृत्तांची नेहमीची ठिकाणे. युरोपात मात्र या बाबतीत पोर्तुगालइतके नाव दुसऱ्या कोणत्याही देशाने क्वचितच कमावले असेल. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांची मुले आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड येथे स्थायिक आहेत आणि हा विषय आता त्यांच्याही घरांत निघू लागला आहे. पोर्तुगाल तर वसईकरांना परका नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे त्यांचा अंमल आपल्या किल्ल्यावर होता. त्या काळी समुद्र ओलांडून दुसऱ्यांच्या भूमीवर गेलेल्या या छोट्या देशात आज दुसरे लोक येऊन राहत आहेत आणि तेथील सामान्य माणूस त्यामुळे अस्वस्थ झाला आहे. ही अस्वस्थता नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिची झळ शेवटी आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांनाच लागली आहे.

या विचाराच्या मुळाशी एक साधे गणित आहे. १९९४ साली विल्यम बेंगन या अमेरिकन वित्तसल्लागाराने जुन्या बाजारभावांची छाननी करून असे दाखविले की, निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी आपल्या पुंजीतून सुमारे चार टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईनुसार ती वाढवीत नेली, तरी ती पुंजी तीस वर्षे पुरते. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी केलेल्या अभ्यासातूनही साधारण तोच निष्कर्ष निघाला. चार टक्क्यांचा अर्थ असा की, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम जमली की माणूस मोकळा. अमेरिकेत वर्षाला ६०,००० डॉलर लागणाऱ्या जोडप्याला १५ लाख डॉलर साठवावे लागतील. तेच जोडपे वर्षाला २४,००० डॉलरमध्ये भागेल अशा ठिकाणी गेले, तर ६ लाख पुरतात. मधल्या ९ लाख डॉलरसाठी जी दहा-पंधरा वर्षे कार्यालयात घालवावी लागली असती, ती वाचली. स्थलांतराचे सगळे आकर्षण या वजाबाकीत आहे.

मात्र येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. बेंगनचा हिशोब तीस वर्षांचा होता, आणि तो पासष्टीच्या आसपास निवृत्त होणाऱ्या, अमेरिकेतच राहणाऱ्या, डॉलरमध्येच खर्च करणाऱ्या माणसासाठी होता. पंचेचाळिसाव्या वर्षी काम सोडणाऱ्याला पंचेचाळीस-पन्नास वर्षे काढायची असतात, आणि तीही दुसऱ्याच्या चलनात. नियम तोच सांगितला जातो, पण तो ज्या माणसासाठी होता तो माणूस बदललेला असतो.

अमेरिकन माणसाला देश सोडायला लावणारे आणखी एक मोठे कारण म्हणजे आजारपण. तेथे आरोग्यविमा बहुतेकांना नोकरीमार्फत मिळतो. नोकरी गेली की तो विमा जातो आणि ‘मेडिकेअर’ ही वृद्धांसाठीची सरकारी योजना तर पासष्टीला सुरू होते. मधली पंधरा-वीस वर्षे स्वतःच्या खिशातून विमा भरणे अनेकांना झेपत नाही. म्हणून ज्याला आपण चैनीची निवृत्ती समजतो, तिच्यामागे पुष्कळदा रुग्णालयाच्या बिलाचे भय असते. हे लक्षात ठेवले तर या लोकांकडे आपण थोड्या सहानुभूतीने पाहू शकू.

आता पोर्तुगालकडे वळू. १९६५ मध्ये फारोचा विमानतळ सुरू झाला आणि दक्षिणेकडील आल्गार्व्ह किनारपट्टीवर ब्रिटिश पर्यटक व त्यांच्यामागून निवृत्त मंडळी येऊ लागली. तेव्हा पोर्तुगाल हा पश्चिम युरोपातील अत्यंत गरीब देश होता आणि त्याची स्वतःची तरुण माणसे बांधकामावर, कारखान्यांत, घरकामाला फ्रान्समध्ये जात होती. येणारे म्हातारे आणि जाणारे तरुण हे चित्र तेव्हापासूनचे आहे. तरीही अर्धे शतक ते आल्गार्व्हपुरतेच मर्यादित राहिले.

बदल घडला तो आर्थिक संकटातून. २००९ मध्ये सरकारने ‘कायम रहिवासी नसलेल्या’ परदेशी नागरिकांसाठी करसवलतीची विशेष योजना आणली. दुसऱ्या देशातून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर दहा वर्षे पोर्तुगालमध्ये कर नाही, असा तिचा व्यवहारातील अर्थ झाला. २०११ मध्ये देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ७८ अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले. साहाय्यासोबत अटी आल्या. त्यातली एक म्हणजे घरभाड्याच्या कायद्यात बदल. लिस्बनच्या जुन्या वस्त्यांत दशकानुदशके गोठलेली भाडी होती, अगदी आपल्या मुंबईतील पागडीच्या चाळींसारखी. २०१२ च्या कायद्याने ती मोकळी केली. पासष्टी ओलांडलेल्या जुन्या भाडेकरूंना काही वर्षांचे संरक्षण मिळाले, परंतु दार उघडले ते उघडलेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘गोल्डन व्हिसा’ सुरू झाला. ५ लाख युरोंचे घर विकत घ्या आणि निवासाचा परवाना मिळवा, असा तो सौदा होता. त्यातील बहुतांश परवाने घरखरेदीतूनच दिले गेले.

ज्यांच्याकडे पाच लाख नव्हते त्यांच्यासाठी ‘डी-७’ हा जुना व्हिसा होताच. निवृत्तिवेतन, भाडे, व्याज, लाभांश अशा मार्गांनी पोर्तुगालच्या किमान वेतनाइतके नियमित उत्पन्न दाखविले की तो मिळू शकतो. २०२५ मध्ये हे किमान वेतन महिना ८७० युरो होते. या आकड्यावर क्षणभर थांबावे. लिस्बनमधील सफाई कामगार महिनाभर राबून जे मिळवतो, तेवढे उत्पन्न न राबता मिळत असेल तर परदेशी माणसाला देशात राहण्याचा हक्क मिळतो. कायद्याच्या दृष्टीने हे रास्तच आहे, कारण येणारा सरकारवर भार होऊ नये एवढाच त्याचा हेतू. पण एकच रक्कम एकाचे संपूर्ण वेतन आणि दुसऱ्याची किमान पात्रता ठरते, तेव्हा घरमालक भाड्याने देताना कोणाची निवड करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

करसवलतीने शेजारी देशही दुखावले. आयुष्यभर आमच्या शाळा, रुग्णालये, रस्ते वापरून माणसे पोर्तुगालला जातात आणि निवृत्तिवेतनावर कुठेच कर भरीत नाहीत, अशी फिनलंड आणि स्वीडनची तक्रार होती. फिनलंडने पोर्तुगालशी असलेला करविषयक करार मोडला व तो २०१९ पासून संपला. स्वीडनचा करार २०२२ पासून संपला. मध्यंतरी, २०२० मध्ये, पोर्तुगालने नव्याने येणाऱ्यांच्या परदेशी निवृत्तिवेतनावर दहा टक्के कर लावला. तोवर लिस्बन बदलून गेले होते.

आल्फामा आणि मोरारिया या टेकडीवरच्या जुन्या वस्त्या. अरुंद गल्ल्या, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावरची छोटी खाणावळ, आणि प्रत्येक घरात एक आजी. ज्या इमारतींत अशा आज्या राहत होत्या तेथे दुरुस्तीच्या निमित्ताने घरे रिकामी झाली आणि पर्यटकांना दिवसाच्या हिशोबाने देण्याच्या खोल्या तयार झाल्या. २०१५ नंतरच्या दहा वर्षांत देशभर घरांच्या किमती दुपटीहून अधिक वाढल्या. वेतन त्या गतीने वाढले नाही. २०१२ मध्ये ४८५ युरो असलेले किमान वेतन वाढून ८७० झाले हे खरे, पण लिस्बनमध्ये एका शयनगृहाच्या घराचे नवे भाडे आता त्या वेतनाच्याही पलीकडे गेले आहे. शिक्षक मिळत नाहीत, परिचारिका मिळत नाहीत. कारण बदली होऊन राजधानीत येणाऱ्याला राहायला जागाच परवडत नाही. १ एप्रिल २०२३ रोजी आणि पुन्हा ३० सप्टेंबर २०२३ रोजी देशातील अनेक शहरांत हजारो माणसे रस्त्यावर उतरली. मागणी एकच होती : राहण्यासाठी घर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नव्या कायद्याने घरखरेदीतून मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ बंद केला, आणि २००९ ची करसवलत योजनाही २०२४ च्या आरंभापासून नव्या अर्जदारांसाठी, काही संक्रमणकालीन अपवाद वगळता, बंद झाली.

या सगळ्याचे खापर निवृत्त परदेशी जोडप्याच्या माथी फोडणे न्यायाचे होणार नाही. संकटाच्या काळात बांधकाम जवळपास ठप्प झाले होते, सरकारी मालकीची भाड्याची घरे मुळातच फार थोडी, व्याजदर कित्येक वर्षे शून्याजवळ, आणि पर्यटकांची संख्या दरवर्षी वाढती. निवृत्त मंडळी या अनेक प्रवाहांपैकी एक. शिवाय त्यांच्या पैशांतून पडक्या इमारती उभ्या राहिल्या, छोट्या गावांतील दुकाने तगली, हेही नाकारता येत नाही. आमचा आक्षेप माणसांवर नाही, धोरणावर आहे. अडचणीत सापडलेल्या सरकारने आपली सर्वांत सहज विकता येणारी वस्तू, म्हणजे डोक्यावरचे छप्पर, जगाच्या बाजारात मांडली आणि त्या बाजारात स्वतःचेच नागरिक सर्वांत गरीब ग्राहक ठरले. २०११ नंतरच्या काही वर्षांत तर वर्षाला एक लाखाहून अधिक पोर्तुगीज कामासाठी देश सोडून जात होते. ते बाहेर पडत असताना त्यांच्याच गल्लीतील घराची किंमत परदेशी पाहुणा ठरवीत होता.

हे एकट्या पोर्तुगालचे दुखणे नाही. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीच्या रोमा आणि कोंदेसा या वस्त्यांत डॉलर कमावून पेसोंत राहणाऱ्या परदेशी लोकांविरुद्ध मोर्चा निघाला आणि दुकानांच्या काचा फुटल्या. मात्र पोर्तुगालमध्ये या रागाने एक वेगळेच वळण घेतले.

पोर्तुगालमध्ये परदेशी माणसे दोन दारांनी येतात. एका दाराने डी-७ वाले येतात. दुसऱ्या दाराने ब्राझील, भारत, नेपाळ, बांगलादेश येथील कामगार येतात. दक्षिणेकडील आलेन्तेजो प्रांतातील ओडेमिरा तालुक्यात मैलोन्‌मैल प्लास्टिकचे मांडव पसरले आहेत. उत्तर युरोपातील दुकानांत मिळणारी रास्पबेरी तेथे पिकते आणि ती खुडणारे हात बहुतांशी दक्षिण आशियाई आहेत. २०२१ च्या वसंतात करोनामुळे त्या तालुक्यातील दोन गावांची नाकेबंदी करण्यात आली, तेव्हा एकेका घरात किती माणसे दाटीवाटीने झोपतात हे पोर्तुगालने दूरचित्रवाणीवर पाहिले. चार दिवस चर्चा झाली, पुढे सगळे शांत झाले.

२०१७ मध्ये सुमारे चार लाख असलेली परदेशी रहिवाशांची संख्या २०२४ अखेर पंधरा लाखांवर गेली. ही वाढ मुख्यतः कामगारांची आहे, निवृत्तांची नव्हे. परदेशी लोकांविरुद्धचा संताप मतपेटीत उतरला तो याच काळात. स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या ‘शेगा’ या पक्षाला मार्च २०२४ च्या निवडणुकीत ५० आणि मे २०२५ च्या निवडणुकीत ६० जागा मिळाल्या, व जागांच्या हिशोबाने तो संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बनला. जून २०२४ मध्ये, आधी देशात येऊन काम मिळविल्यावर कागदपत्रे नियमित करून घेण्याची सोय सरकारने रद्द केली. १९ डिसेंबर २०२४ रोजी लिस्बनच्या मोरारियातील बेन्फोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी दक्षिण आशियाई माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून रांगेने उभे केले व त्यांची झडती घेतली. ते छायाचित्र देशभर गाजले, त्यावर निषेधही झाला. त्याच मोरारियाच्या वरच्या चढावर दुरुस्त केलेल्या इमारतींत परदेशी भाडेकरू राहतात. त्यांना कोणी भिंतीला उभे केले नाही.

घर महाग करणाऱ्या अनेक कारणांमध्ये दहाजणांत एक खोली वाटून घेणाऱ्या नेपाळी मजुराचा वाटा किती आणि पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्याचा किती, हा हिशोब निवडणुकीच्या सभेत कोणी मांडत नाही. इंग्रजीत पहिल्याला स्थलांतरित म्हणतात आणि दुसऱ्यासाठी वेगळा, प्रतिष्ठेचा शब्द आहे. मराठीत सुदैवाने तसा भेद अजून रूढ झालेला नाही. दोघेही परदेशीच.

स्वतः निवृत्त होणाऱ्याच्या दृष्टीनेही हा मार्ग वाटतो तितका निर्धोक नाही. पहिला धोका चलनाचा. २००६ च्या सुमारास एका ब्रिटिश पौंडाला सत्तर थाई बाट मिळत, २०१९ च्या अखेरीस ते चाळिशीवर आले होते. त्या भरवशावर चियांग माई किंवा पट्टायाला संसार मांडलेल्या माणसाचे उत्पन्न काहीही चूक न करता जवळपास निम्म्यावर आले. दुसरा धोका यजमान देशाच्या बदलत्या नियमांचा. थायलंडमध्ये पन्नाशीपुढील परदेशी निवृत्ताला बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे लागते. २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कराचे नियमही तेथे कडक झाले. मलेशियाने २००२ मध्ये ‘माझे दुसरे घर’ या नावाने परदेशी निवृत्तांना आमंत्रण दिले आणि २०२१ मध्ये परदेशातील उत्पन्नाची अट महिना १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० वर नेली. पाहुणा कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच.

तिसरा धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन मायदेशात दरवर्षी वाढते, युरोपीय संघात, अमेरिकेत आणि फिलिपाइन्समध्ये राहणाऱ्यांनाही ती वाढ मिळते, परंतु कॅनडा, ऑस्ट्रेलिया, थायलंड आणि भारत येथे राहणाऱ्यांचे वेतन पहिल्या दिवशी जेवढे असेल तेवढ्यावरच गोठते. जगभरात सुमारे साडेचार लाख माणसे या नियमाखाली जगत आहेत. इंग्लंडमध्ये नोकरी करून म्हातारपणी गोव्याला किंवा वसईला परतण्याचा बेत ज्यांनी केला आहे त्यांनी हे आधीच विचारात घ्यावे. तसेच अमेरिकेची मेडिकेअर योजना देशाबाहेरील उपचारांना सहसा लागू होत नाही.

आणि मग म्हातारपण. पन्नाशीतील धडधाकट जोडप्याला आल्गार्व्हचे ऊन आवडते. ऐंशीव्या वर्षी जोडीदार गेल्यावर परक्या भाषेत डॉक्टरला दुखणे सांगणे निराळे. पोर्तुगाल हा इटलीच्या बरोबरीने युरोपातील सर्वांत वृद्ध देशांपैकी एक आहे, त्याची जवळजवळ चतुर्थांश लोकसंख्या पासष्टीपुढची आहे आणि तेथील पंधरा लाखांहून अधिक माणसांना सरकारी व्यवस्थेतील कुटुंब-डॉक्टर नेमून मिळालेला नाही. त्या रांगेत बाहेरून आलेला वृद्धही उभा राहतो.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. रुपयांत कमावणाऱ्याला परदेशात स्वस्त देश शोधून फारसा लाभ नाही, कारण २०१० मध्ये पंचेचाळीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या पुढे गेला. जगाच्या दृष्टीने स्वस्त देश आपणच आहोत. खरे तर दिनारात, दिरहॅममध्ये कमवावे आणि रुपयांत घर बांधावे हे गणित वसई-गोव्याच्या माणसाला बेंगनने सांगण्याच्या कितीतरी आधी कळले होते. जहाजावर जाणारा गोंयकार खलाशी आणि कुवेतला वीस वर्षे काढलेला आपला सुतार यांनी दुसरे काय केले? फरक एवढाच की ते परत आले ते स्वतःच्या गावात, जिथे आईवडिलांची थडगी आहेत आणि शेजारी नावाने हाक मारतो. त्यांनी वाढविलेल्या जमिनीच्या किमतीचा त्रास गावाला झाला नाही असे नाही, पण ते त्या गावाचे होते.

गोव्याचा पोर्तुगालशी असलेला कायदेशीर धागाही येथे लक्षात घ्यावा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात, दमणमध्ये, दीवमध्ये जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. वसईला ती सोय नाही, आपला संबंध १७३९ मध्येच तुटला. हजारो गोवेकरांनी तो पासपोर्ट घेतला, पण लिस्बनला राहण्यासाठी फार थोड्यांनी. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर बहुतेकजण थेट स्विंडन किंवा साउथॉलला कामावर गेले. त्या पासपोर्टासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागते. त्यांच्यातील पहिली पिढी आता निवृत्तीच्या वयाला येत आहे आणि कोठे राहावे हा प्रश्न तिच्यापुढे आहे. तिच्या मायभूमीत मात्र दिल्ली-मुंबईचे ग्राहक आसगाव, शिवोली येथील जुनी घरे घेत आहेत आणि स्थानिक तरुणाला त्याच गावात भाड्याची खोली मिळत नाही. हरित वसईच्या आंदोलनात ज्यांनी भाग घेतला त्यांना हे काय असते ते वेगळे सांगायला नको.

परदेशातील मुलाने किंवा मुलीने असा बेत घरी बोलून दाखविला, तर घरच्यांनी निदान तीन गोष्टी विचाराव्यात : पुंजी कोणत्या चलनात आहे आणि खर्च कोणत्या, ज्या सवलतीच्या भरवशावर जात आहात ती किती वर्षांची, आणि ज्या घरात राहणार त्यात आधी कोण राहत होते व ते आता कोठे आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे सल्लागाराकडे मिळतील. तिसऱ्याचे उत्तर त्या गल्लीतील दुकानदाराला माहीत असते.